सामानाच्या बंद ट्रेलरला बाहेर उघडणारे तंबूचे पलंग लावायचे आहेत. सल्ला हवा (इंदूर)

रामबागकर

नमस्कार मंडळी. बाबांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा व्यवसाय होता. तो आता बंद झाला, पण स्पीकरच्या पेट्या नेण्यासाठी बनवून घेतलेला पत्र्याचा ट्रेलर अंगणात उभा आहे. एकच धुरा, पाट्यांची कमान (लीफ स्प्रिंग), चाकं बाहेरच्या बाजूला. आतून ८ फूट लांब, ५ फूट रुंद, ५ फूट उंच. मागे खाली उतरणारा फाळका आहे, पेट्या त्यावरूनच चढायच्या. धर्मकाट्यावर रिकामा ४६० किलो भरला. नोंदणी वैध आहे, बोलेरोच्या मागे ओढतो.

दर हिवाळ्यात आम्ही पाच जण (मी, बायको, दोन मुलं आणि ७४ वर्षांची आई) महेश्वर, हनुवंतिया असे हिंडतो. माझ्या मनात असं आहे की दोन्ही बाजूच्या भिंती कापायच्या, त्यांना खालून बिजागऱ्या लावायच्या, मुक्कामाला त्या आडव्या उघडायच्या आणि वर तंबूचं कापड चढवायचं. दोन्हीकडे दोघं दोघं झोपतील, आई आत.

भिंत कापली तर सांगाडा टिकेल का? पलंग साखळीवर टांगावा की पाय द्यावेत? कापड कुठलं घ्यावं? बाबांच्या हातचा ट्रेलर आहे, भंगारात द्यायची इच्छा नाही. म्हणून कापण्याआधी विचारतो आहे.

पिथमपूर_फॅब्रिकेशन

दोन्ही भिंती कापू नका. असल्या पेटीत पत्रा आणि उभे खांब मिळून ताकद देतात. पत्रा नुसता झाकण म्हणून बसवलेला नसतो. दोन्हीकडची मोठी भोकं पाडलीत की खड्ड्यात चौकोन तिरपा होऊ लागेल, मग फाळका बसणार नाही, पावसात पाणी आत येईल.

तुमच्याकडे एक पलंग आयता आहेच, तो म्हणजे मागचा फाळका. तो ५ फूट बाहेर येतो आणि ५ फूट रुंद आहे. गादी आत दीड फूट सरकवली की साडेसहा फुटांचा दोघांचा पलंग झाला, एक इंचही न कापता.

मग मुलांसाठी एकाच बाजूची भिंत. चाकं बाहेर असल्यामुळे बिजागरी मडगार्डच्या वर घ्यावी लागेल, म्हणजे तळापासून साधारण १ फूट. वर छताखाली अर्धा फूट पट्टी सोडा. उरले साडेतीन फूट, तेवढीच त्या पलंगाची रुंदी. लांबी साडेसहा फूट. दोन मुलांना पुष्कळ. कापण्याआधी आतून ४० बाय ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाईपची पूर्ण चौकट वेल्ड करून घ्या, कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या द्या आणि त्यानंतरच ग्राइंडर लावा. क्रम उलटा केलात तर छत जे खाली बसेल ते परत जागेवर येत नाही.

साखळीचं म्हणाल तर तिच्यावर एकटीवर विसंबू नका. साखळी ४५ अंशात असली तर तिच्या वाट्याच्या वजनाच्या जवळपास १.४ पट ताण तिच्यावर येतो, आणि तो सगळा वरच्या खांबाला जातो. त्यात दोन माणसं पलंगाच्या बाहेरच्या कडेवर बसली की एका बाजूच्या कमानीवर भार येऊन ट्रेलर झुकतो. रात्री कोणी कूस बदलली तरी सगळे हलतात. बाहेरच्या कडेला स्क्रूने कमी-जास्त होणारे दोन पाय द्या, पायाखाली मऊ जमिनीसाठी लाकडी पाट. शिवाय ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जॅक. जॅकने ट्रेलर उचलायचा नाही, फक्त टेकू द्यायचा.

आधी चाकांना उटी (अडसर), मग ट्रेलर लेव्हलमध्ये, मग जॅक, आणि पलंग शेवटी. आवरताना याच्या उलट.

सुदामानगर_शिवणकाम

दादा, मला नकाशा काढून पाहिल्यावर एक अडचण दिसली. मागे फाळक्यावर तुम्ही दोघं झोपणार, एका बाजूला मुलं. मग दार कुठे राहिलं? रात्री दोन वाजता आईंना बाहेर जायचं असेल तर तुमच्या अंगावरून जावं लागेल.

माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास होता, त्यामुळे मला हे लगेच दिसतं. न कापलेल्या भिंतीत एक छोटं दार हवंच. डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे रस्त्याकडेला थांबलात तरी उतरणं गाडीवाटेच्या विरुद्ध बाजूला होईल. दोन पायऱ्यांची घडीची शिडी आणि धरायला उभा दांडा. दांडा छातीच्या उंचीपर्यंत असावा. वयस्क माणूस पायरीकडे बघत नाही, आधी हात शोधतो.

पिथमपूर_फॅब्रिकेशन

ताईंचं अगदी बरोबर. हे मलाच सुचायला हवं होतं. अडीच फुटी दार पुढच्या भागात, धुरेच्या पुढे काढा. चौकट तशीच आधी.

महूकर

आयुष्य तंबूत गेलं, म्हणून कापडावर बोलतो. छताला पीव्हीसी चढवलेलं कापड चालेल, पण बाजूच्या भिंती सुती कॅनव्हासच्या ठेवा. कारण श्वास. पाच माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर कुठे तरी जाणारच. प्लास्टिकच्या कापडाला ती आतून चिकटते आणि पहाटे पांघरुणावर टपकते. डिसेंबरात माळव्याच्या पठारावर तर हमखास. वर दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या द्या आणि थंडी वाजली तरी पूर्ण बंद करू नका.

गादीखालीही तेच होतं. प्लाय खालून थंड, अंग वरून गरम. मध्ये पाणी सुटतं आणि गादीला बुरशी येते. प्लायला भोकं पाडा किंवा गादीखाली काथ्याची चटई घाला. प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आयएस ७१० छापाचाच घ्या. कापलेल्या कडांना रंग दिल्याशिवाय बसवू नका, पाणी कडेतूनच शिरतं.

नवा सुती कॅनव्हास पहिल्यांदा ताणून पूर्ण भिजवा आणि वाळवा. धागा फुगतो आणि शिवणीतली सुईची भोकं भरून येतात. आणि ओला तंबू कधीच घडी करून ठेवायचा नाही. घरी येऊन कितीही थकला असलात तरी दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायचा.

तंबूत शेगडी नको. कोळशाची तर अजिबात नको. मी हे दोनदा सांगितलं तरी चालेल: शेगडी नको.

सुदामानगर_शिवणकाम

महूकर काकांच्या मुद्द्याला जोडून. कापडाची वळचण पलंगाच्या कडेच्या खाली किमान चार इंच उतरली पाहिजे. कापड प्लायवर आणून खिळलंत तर छतावरचं सगळं पाणी ओघळून थेट गादीखाली जाईल. मंडपाच्या कामात ही चूक मी पाहिलेली आहे. बाहेरून पट्टी, पट्टीत डोळे (धातूच्या कड्या), डोळ्यांतून इलॅस्टिकची दोरी आणि ती पलंगाच्या खालच्या आकड्यांना. धागा पॉलिस्टरचा, शिवण दुमडून दुहेरी. चेनवर झाकण हवंच.

नर्मदे_हर

बांधणीतलं मला कळत नाही, मुक्कामाचं कळतं. घाटाच्या जवळ, नदीच्या पात्रात किंवा वाळूवर ट्रेलर लावू नका, आकाश कितीही निरभ्र असो. नर्मदेवर आता धरणं आहेत आणि पाणी वरून सोडलं जातं. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला भूतडी अमावास्येच्या यात्रेत हेच झालं. पाऊस नव्हता. इंदिरासागरातून सोडलेलं पाणी रात्री आलं आणि काठावर झोपलेले यात्रेकरू वाहून गेले. पाय लावलेला, जॅक टेकवलेला ट्रेलर पाच मिनिटांत हलवता येत नाही. गावाच्या उंच बाजूला, कोणाला तरी विचारून थांबा. धर्मशाळेच्या अंगणात जागा मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दाराचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी भिंत कापून मोकळा झालो असतो.

आणखी एक विचारतो. भेरूघाट उतरताना ट्रेलर शेपटीसारखा हलेल का? मागे वजन वाढतंय.

पिथमपूर_फॅब्रिकेशन

योग्य प्रश्न. एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडाच्या, गोळ्यावर आलं पाहिजे. तुमचा भरून ७०० किलो धरला तर ७० ते १०५ किलो. याहून कमी असेल तर डोलणार. मोजायला वेगळं काही लागत नाही. ट्रेलर सपाट जागी, गोळ्याच्या उंचीवर ठेवून जोडाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली माणसं तोलायचा काटा, साधा १५० किलोचा. पाण्याचे कॅन आणि भांड्यांची पेटी धुरेच्या पुढे ठेवा, गाद्या मागे. घाटात गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये घ्या, ब्रेक दाबून धरू नका. सेफ्टीची साखळी दोन्हीकडून, जोडाखाली एकमेकींवरून फिरवून.

आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

कागदांचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. भिंत कापण्याआधी नकाशा घेऊन आरटीओत जा. बंद केल्यावर रुंदी आहे तेवढीच राहील असं काम ठेवा. विम्यालाही कळवा.

रामबागकर

काल रविवारी काहीच न कापता फाळका उतरवून पाहिला. बाहेरच्या कडेला विटांचे दोन टेकू, वर जुनी गादी. आम्ही दोघं तासभर झोपून बघितलं. आई आत सतरंजीवर बसली होती. तिला आवडलं, फक्त हात धरायला काही नाही म्हणाली. मुलांना उतरवता उतरवता नाकी नऊ आले. फाळक्याच्या मध्यावर मात्र झोल येतोय, दोरी ताणून मोजला, पाऊण इंच. फाळका जुन्या १२ मिलिमीटर प्लायचा आहे, खाली फक्त कडेची चौकट.

पिथमपूर_फॅब्रिकेशन

प्लाय बदलायची गरज नाही. खालून बिजागरीपासून कडेपर्यंत २५ बाय २५ चे दोन पाईप द्या, दर मीटरला साधारण दीड किलो वजन पडेल, आणि बाहेरच्या टोकाला बरोबर त्यांच्याच खाली तुमचे दोन पाय येऊ द्या. पाय कोपऱ्यात नकोत.