नव्या व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणात त्यांच्या वरिष्ठांना कसे सामील करून घ्यावे?

नमस्कार. एका मध्यम आकाराच्या कंपनीत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. बढती मिळून गटप्रमुख होणारी माणसे स्वतःच्या कामात वाकबगार असतात, परंतु दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा अनुभव त्यांना जवळजवळ नसतोच. त्यांच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा होते, अभिप्राय उत्तम येतात आणि महिन्याभरात पुन्हा जैसे थे.

अडचण नेमकी कुठे आहे हे कळावे म्हणून एक प्रसंग सांगते. हाताखालच्या सहकाऱ्याने तयार केलेल्या दरपत्रकात वाहतुकीचा खर्च धरायचा राहून जातो. नव्या व्यवस्थापकाच्या ते लक्षात येते. तो स्वतःच आकडा घालतो, बेरीज दुरुस्त करतो आणि दरपत्रक ग्राहकाला पाठवून मोकळा होतो. काम वेळेत होते खरे, पण ज्याच्या हातून चूक झाली त्याला ती कळत नाही आणि पुढच्या दरपत्रकात तीच उणीव राहते. काम कसे सोपवावे, यावर याच व्यवस्थापकाने कार्यशाळेत अतिशय समंजस उत्तरे दिलेली असतात.

म्हणून आम्ही वर्गातील वेळ कमी करून सराव वाढवला. अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात कारखान्यांतील पर्यवेक्षकांसाठी जो प्रशिक्षण कार्यक्रम चालला, त्यातील काम शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत (शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर पाठपुरावा ठेवणे) आम्ही जशीच्या तशी घेतली आणि ती उपयोगी पडली. ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ रेग रेव्हन्स यांच्या, प्रत्यक्ष कामातील अडचणींतून एकत्र शिकण्याच्या पद्धतीवर आधारलेले छोटे गटही सुरू केले. त्यात प्रत्येकाने आपल्या विभागातील खरीखुरी, न सुटलेली अडचण मांडायची आणि इतरांनी सल्ला न देता फक्त प्रश्न विचारायचे, असा नियम आहे. सुरुवातीला लोकांना तो जाचक वाटतो. तरीही मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण प्रश्नांना उत्तरे देता देता माणूस स्वतःच्या वागण्याकडे पाहू लागतो.

खरी गाठ मात्र पुढेच आहे. हाच व्यवस्थापक दरपत्रक परत देऊन, सहकाऱ्याला शेजारी बसवून, चूक त्यालाच शोधायला लावतो तेव्हा अर्धा तास जास्त जातो, आणि नेमका तेवढ्यात त्याच्या वरिष्ठांचा फोन येतो, ‘अजून पाठवले कसे नाही?’ दोनदा असे झाले की तो पुन्हा स्वतःच दुरुस्त्या करू लागतो, आणि त्यात मला त्याचा दोष दिसत नाही. प्रशिक्षणापूर्वी अपेक्षांविषयी अर्धा तास बोलावे आणि नंतर त्याचे काम एक-दोनदा प्रत्यक्ष पाहून त्यावर चर्चा करावी, एवढेच आम्ही वरिष्ठांना सुचवतो. बैठकीत सगळे होकार देतात, पण महिनाअखेरीच्या उद्दिष्टांपुढे ते मागे पडते.

याबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. ‘हाताखालच्या व्यवस्थापकांची घडण’ हा मुद्दा वरिष्ठांच्या वार्षिक मूल्यमापनात घातल्याने प्रत्यक्षात फरक पडतो का, की केवळ आणखी एक रकाना भरला जातो? मला दुसऱ्या शक्यतेची भीती अधिक वाटते. निरीक्षणाचे काम वरिष्ठांऐवजी दुसऱ्या विभागातील समकक्ष व्यवस्थापकावर सोपवावे, याकडे माझा कल आहे, कारण त्याच्यासमोर माणूस मोकळेपणाने काम करतो. परंतु त्यामुळे वरिष्ठ या प्रक्रियेतून पुरतेच बाहेर पडतील का, असेही वाटते. कोणी असे करून पाहिले असल्यास जरूर लिहावे.

दुसरा प्रश्न मोजमापाचा आहे. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले : प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. आमचे अभिप्रायाचे अर्ज पहिल्याच स्तरावर थांबतात. वर्तन बदलले की नाही हे हाताखालच्या सहकाऱ्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. पण ज्या गटात तीन-चारच माणसे आहेत, तिथे नाव न लिहिताही कोण काय म्हणाले ते ओळखू येते आणि मग कोणी खरे सांगत नाही. इतक्या लहान गटात सहकाऱ्यांना अडचणीत न आणता ही माहिती कशी मिळवावी?