मदत हवी आहे: पॅक-मॅनच्या पडद्यावर फक्त एक उभी रेघ

माझ्याकडे मिडवेचं १९८० चं मूळ पॅक-मॅन कॅबिनेट (नाणं टाकून खेळायचं आर्केड मशीन) आहे, १९ इंची सीआरटीसकट (जुन्या टीव्हीसारखी काचेची पिक्चर ट्यूब). चित्र जाऊन मधोमध एक झगझगीत उभी रेघ उरलीय. यात मॉनिटर ९० अंशांत फिरवून बसवलेला असतो, त्यामुळे साध्या मॉनिटरवर जी आडवी रेघ दिसली असती ती इथे उभी दिसते; म्हणजे गेलंय ते व्हर्टिकल डिफ्लेक्शन (किरण वर-खाली पसरवणारं सर्किट). आवाज, नाणं, जॉयस्टिक ठीक; गेमचा बोर्ड दुसऱ्या मॉनिटरवर छान चालतो. योकचा (नळीच्या मानेवरची, किरण वळवणारी गुंडाळी) कनेक्टर साफ केला, तडे गेलेले जोड पुन्हा सोल्डर केले, फरक नाही. नळी डिस्चार्ज करणं (तिच्यात साठलेली वीज सुरक्षितपणे काढून टाकणं) मला येतं. मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. एलसीडी कृपया सुचवू नका, मूळ पडदाच वाचवायचाय. फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) जळू नये म्हणून मशीन बंद ठेवलंय. आधी व्हर्टिकल आउटपुट ट्रान्झिस्टर तपासू, की सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम बदलू? आणि योकची गुंडाळी तुटलीय का, हे मल्टिमीटरने नेमकं कुठल्या पिनांवर बघायचं?