गाढी नदीचं पाणलोट: सॅटेलाइट एक सांगतो, गाववाले भलतंच

खारघरची_स्नेहल
नमस्कार मंडळी. भूगोलात एमए करतेय, डिझर्टेशनला गाढी नदीचं पाणलोट क्षेत्र घेतलंय, वर माथेरानच्या उतारापासून खाली पनवेलच्या खाडीपर्यंत जमिनीचा वापर कसा बदलत गेला ते. लँडसॅट उपग्रहाच्या इमेज फुकट मिळतात त्या घेतल्या, भुवनवरचे (इस्रोची नकाशांची साइट) २००५-०६ आणि २०१५-१६ चे नकाशे पण बघितले, क्लासिफिकेशन (कुठे शेत, कुठे जंगल, कुठे पडीक अशी विभागणी) करून झालं. आता घोळ असा की खाडीच्या पट्ट्यात माझ्या नकाशात तिवरं वाढलेली दिसतात, मी खूश, आणि तिथल्या एका काकांना सांगितलं तर म्हणाले "वाढली कसली, आमची शेती बुडाली गं तिथे". वर धोदाणी, मालडुंगेकडे नकाशा पडीक दाखवतो तिथे लोक म्हणतात आम्ही भात लावतो. सर म्हणतात स्थानिकांशी बोल. प्रश्नावली घेऊन गेले तर लोक सगळ्याला "हो हो" म्हणतात, चहा पाजतात, फॉर्म तसाच कोरा. नेमकं विचारायचं काय?

खाडीकाठचा_पाटील
ताई काका बरोबर बोलले. आमचं गाव पण खाडीकाठचं आहे म्हणून सांगतो. ती सगळी खारजमीन होती, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून केलेली शेती, बाहेरून मातीचा बांध आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडप, भरतीच्या पाण्याने दाबून आपोआप बंद होते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. आता बांध म्हणजे एकदा घातला नि विसरला असं नाही, खेकडे बिळं पाडतात, उधाणाला पाणी झिरपायला लागतं आणि लक्ष नाही दिलं तर एका रात्रीत खांड, म्हणजे बांधाला भगदाड. म्हणून उन्हाळ्यात घराघरातून माणूस जायचा चिखल थापायला, ज्याचं शेत त्यालाच नाही तर सगळ्यांना, कारण खांड कुठेही पडो, खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात. नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या, मग बांधावर कोण जाणार? शेत सरकारचं, चिखल आमचा? खांड पडली ती पडली, दोन-चार पावसाळे खारं पाणी खेळलं, तिवरं उगवली. आता २००५ च्या हायकोर्टाच्या ऑर्डरनंतर तिवरांना हात लावता येत नाही, ते चांगलंच आहे, पण तुमच्या नकाशात ते जंगल वाढलं म्हणून येतं त्याला काय म्हणायचं!

तर "जमिनीचा वापर कधी बदलला" असं विचारू नका, "बांध कधी फुटला आणि नंतर का नाही बांधला" असं विचारा. तासभर बोलतील.

अजून एक. मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र आलं की उघाडी उघडतच नाही, तेव्हा पाणी शेतात साठून राहायचं. भाताला एक-दोन दिवस चालतं. नवी मुंबईत ते होल्डिंग पाँड केलेत ना, त्यांचं काम पण हेच, भरतीला साठवा ओहोटीला सोडा. फरक एवढाच की शेताची जागा मोठी होती आणि आता तिथे भराव आहे.

डोंगरवाट
वरच्या पडीकचं बघ, इमेज कुठल्या महिन्याची घेतलीस? पावसात ढग, त्यामुळे बहुतेक जण एप्रिल-मेची घेतात, आणि त्या दिवसात भाताचं खाचर उघडं बोडकंच दिसणार. मध्ये काळे डाग दिसले तर ते राब भाजलेले (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन), आग लागलेलं जंगल समजू नकोस (मी एका प्रेझेंटेशनमध्ये हे ऐकलंय 😄). डिसेंबर-जानेवारीची इमेज घे, भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल असतो, ती खाचरं हिरवी दिसतील. नुसता उतार असेल तर वरकस, तिथे नाचणी वरी, नंतर काही वर्षं गवत, म्हणजे त्याच जागेला दर काही वर्षांनी वेगळा रंग येणार आणि तो बदल नाहीच.

माझी ट्रिक सांगतो. म्हाताऱ्यांना विचार पोपटी (मडक्यात शेंगा भरून शेतातच भाजतात ती) कुठल्या शेतात लावायचे. पोपटी लागते वालाच्या शेंगांवर आणि कडेच्या भांबुर्ड्याच्या पाल्यावर, म्हणजे जिथे पोपटी तिथे हिवाळ्यात ओल टिकायची. आता तिथे फार्महाऊसची बोअर असेल तर तुझा मुद्दा तयार.

दुसरं, वलगण. पहिल्या पावसात मासे नदीतून ओहोळाने चढून थेट खाचरात यायचे, पोरं टोपल्या घेऊन उभी. कुठल्या ओहोळाने चढायचे आणि कुठून बंद झाले ते विचार. बहुतेक ठिकाणी रस्त्याखाली पाइप टाकलाय आणि त्याचं तोंड ओहोळाच्या तळापेक्षा वर लटकतंय, मासा उडी मारून किती मारणार. नकाशात तो ओहोळ सलग निळी रेघ आहे.

प्लिंथ_लेव्हल
थोडं थंड डोक्याने घ्या लोकहो. गाववाल्यांचं सगळं खरं असं पण नाही. "पूर्वी पाऊस जास्त, नदी बारमाही" हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. शिवाय नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजित शहर) आल्यापासून जमिनीची किंमत डोक्यात असते, नवीन माणूस वही घेऊन आला की सर्व्हेवाला समजतात, मग पडीक पण पिकाखालची होते. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) बघ, गावनकाशात ओढा कुठून जातो ते बघ, मग जाऊन जागेवर उभी राहा. तिन्ही जुळलं तर लिही. आणि साल विचारू नकोस, कोणाला आठवत नाही. जासईचं शेतकऱ्यांचं जमीन संपादनाविरुद्धचं आंदोलन (१९८४), वाशीला लोकल आली (१९९२), २६ जुलैचा पूर (२००५), याच्या आधी की नंतर एवढंच विचार. २६ जुलैला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे मात्र पनवेलमध्ये कोणीही बोट ठेवून दाखवेल.

खाडीकाठचा_पाटील
@प्लिंथ_लेव्हल किमतीचं बोललात ते मान्य, आमच्यात पण आहेत तसे. पण भाऊ सातबारा म्हणजे काय देवाची वाणी आहे का, पीकपेरा घरी बसून भरलेला आम्ही पण बघितलाय.

खारघरची_स्नेहल
बापरे, तुम्ही तर माझं दुसरं चॅप्टरच लिहून दिलंत. माझ्या सगळ्या इमेज एप्रिलच्या आहेत 🙈 आता डिसेंबरच्या काढते. पाटीलदादा, एखादा जुना बांध आणि उघाडी अजून बघायला मिळेल का? कधी जाऊ?

खाडीकाठचा_पाटील
मिळेल, मोडकी आहे पण आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या, तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते. बाकी दिवशी यायचं तर तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती, अष्टमीला साधारण सहा, अर्धा-एक तास इकडेतिकडे. भरतीच्या बरंच आधी, पाणी चढत असतानाच पोचा म्हणजे झडप मिटताना दिसेल. मेसेज करा, आमच्या काकांना पण बोलावतो, त्यांनी चिखल थापलाय. सँडल नको, साधी रबरी चप्पल पण नको, ती चिखलातच राहते.