वजन काट्यावर कळतं, जडत्व नाही
भाऊ, तुम्ही विचारलंत, 'नागपूरच्या मिहानमधल्या हँगरात विमान जॅकवर घेऊन लोडसेलने (भार मोजणाऱ्या सेन्सरने) तोललं की वजनही कळतं, गुरुत्वमध्यही. मग हलवायचं कशाला?' जडत्व-आघूर्णासाठी, म्हणजे वळवताना विमान किती विरोध करतं ते कळण्यासाठी! कावडीच्या घागरी आधी खांद्याजवळ बांधा, मग टोकांना. वजन तेवढंच, पण वळताना खांद्याला फरक लगेच कळतो. पंखांतल्या टाक्या भरल्या की विमानाचं तसंच होतं. एवढं धूड लंबकासारखं टांगणं महाकठीण. म्हणून ते मऊ स्प्रिंगांवर किंवा हवेच्या उशांवर ठेवून शेकरने (मोजून हादरे देणाऱ्या यंत्राने) हलवतात, बल आणि त्वरण मोजतात. त्यांच्या नात्यातून जडत्व काढतात. खरी मेख आधारात आहे. त्या स्प्रिंगांवर किंवा उशांवर अख्खं विमान डोलण्याची वारंवारता पंख लवण्याच्या पहिल्या वारंवारतेच्या बरीच खाली हवी, नाहीतर पंखांची लवचिकता आकड्यांत मिसळते.