चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर जातोय, वॉटर पंपाखाली ठिबक: पंप घरीच बदलायचा आहे

खानापूर_डिझेल:
नमस्कार मंडळी. डिझेल सात सीटर, १,४०,००० किलोमीटर, वॉटर पंप पहिलाच. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभं बसवलेलं, पंखा पंपाच्या शाफ्टवरच आहे, पंप आणि अल्टरनेटरला मिळून एक व्ही-बेल्ट. पंप टायमिंग बेल्टवर फिरत नाही.

लक्षणं अशी. सकाळी गाडीखाली पंपाच्या बाजूला चार-पाच थेंब असतात. इंजिन तापलं की ठिबक थांबते. पंपाच्या पोटाखाली गुलाबी-पांढरा थर धरलाय. आठवड्याला ३००-४०० मिली पाणी कमी होतंय. बेळगाव ते संकेश्वर हायवेला काटा निम्म्यावर असतो. गोव्याकडून येताना केरीपासून चोर्ला चढायला लागलं की पाऊण भागावर जातो आणि जांबोटीकडे उतार लागला की परत खाली येतो.

एका गॅरेजमध्ये म्हणाले, पंपाच्या खालच्या भोकाला एम-सील लावून बंद करूया. दुसरीकडे म्हणाले, पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वाल्व) सगळंच बदला. पान्यांचा सेट आहे, टॉर्क पानाही आहे. पंप नवा घ्यावा का जुन्यातच दुरुस्तीचं किट भरून घ्यावं? क्रम कसा ठेवायचा? आणि बोअरचं पाणी चालेल काय?

घाटवाट:
एम-सील अजिबात लावू नका. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर आत पाण्याच्या बाजूला मेकॅनिकल सील असतं, बाहेरच्या बाजूला बेअरिंग, आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीला हे भोक. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. भोक बुजवलं तर पाणी बेअरिंगचं ग्रीस धुऊन टाकतं. तुमचा पंखा त्याच शाफ्टवर आहे. बेअरिंग गेलं तर पंखा पुढे झुकून रेडिएटर फाडेल, म्हणजे पंपाच्या खर्चात रेडिएटरचा खर्च वाढला.

इंजिन थंड असताना ठिबक आणि गरम झाल्यावर बंद, हे सील गेल्याचंच लक्षण. थंड असताना सीलच्या दोन चकत्या नीट चिकटत नाहीत. गरम झाल्यावर थोड्या बसतात, आणि जे झिरपतं ते तापलेल्या बॉडीवर वाळून थर धरतं. नव्या पंपाच्या भोकाशी सुरुवातीला थोडा ओलसर डाग दिसला तर घाबरू नका, पण रोज थेंब पडत असतील तर पंप गेलाच.

आता घाटाचा मुद्दा. पंप बदलल्यावर घाटातलं तापणं थांबेलच असं धरू नका. चढाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर पूर्ण भार असतो आणि वेग कमी म्हणून समोरून वारा मिळत नाही. अशा वेळी जे काही कमजोर असेल ते उघडं पडतं. म्हणून पंप खोलण्याआधी एवढं तपासा:

पहिलं रेडिएटरचं झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, इथे उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं. ०.९ चं झाकण चांगलं असेल आणि निम्मा कूलंट असेल तर हीच मर्यादा सव्वाशेच्या आसपास जाते. झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि घाटात पाणी उकळून बाटलीत जातं. पंप करताना झाकण नवं टाकाच.

दुसरं, रेडिएटरच्या जाळ्या. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी बाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे पाचटाचा भुसा आणि धूळ घट्ट बसलेली असते. पुढून बघितलं तर स्वच्छ दिसतं. दोन्हींच्या मधे बॅटरी मारून बघा. धुताना इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीने. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या पडतात.

तिसरं आणि महत्त्वाचं: गाडी थंड असताना झाकण काढून स्टार्ट करा. पहिल्या मिनिटातच एकसारखे बुडबुडे येत राहिले आणि थांबले नाहीत तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) तपासून घ्या. मग नुसता पंप बदलून भागणार नाही.

उद्यमबाग_लेथ:
किट का पंप, याचं उत्तर देतो. जुन्या बिडाच्या पंपांना किट भरणं बरोबर होतं, बॉडी जाड असायची. बेअरिंग, सील, इंपेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) नवीन टाकले की पंप तयार. पण ते प्रेसवरच व्हायला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं, कारण चकतीला बारीक तडा जातो आणि तो डोळ्याला दिसत नाही. हबची (शाफ्टच्या तोंडाला पुली बसते तो भाग) उंची जुन्या मापावरच बसली पाहिजे, नाहीतर पुली दोन मिलीमीटर पुढे-मागे होते आणि बेल्ट कड खातो. इंपेलर आणि बॉडीच्या मधला गाळाही साधारण अर्धा ते एक मिलीमीटर राहिला पाहिजे. जास्त राहिला तर पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही.

तुमची बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर सरळ पूर्ण पंप घ्या. बेअरिंगची जागा एकदा ढिली झाली की किट धरत नाही. बॉडी बिडाची असेल, नवीन पंप मिळतच नसेल आणि उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) ओळखीचा प्रेसवाला असेल, तरच किटच्या वाटेला जा.

दुकानात जुना पंप घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघा: इंपेलरचा व्यास, पाकळ्यांची संख्या आणि वळायची दिशा, हबची उंची, भोकांची जागा. पत्र्याचा इंपेलर शाफ्टवर हाताने पिळून बघा. फिरला तर तो पंप परत द्या.

निपाणी_पाना१३:
क्रम मी लिहितो. दोघांनी वर सांगितलंय ते सोडून बाकीचं.

गाडी सपाट जागेवर, रात्रभर थंड झालेली. हँडब्रेक, चाकाला दगड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. खाली १५ लिटरचं पसरट टोपलं ठेवून रेडिएटरचा खालचा कॉक सोडा. कॉक कुजलेला असेल तर त्याच्या नादाला लागू नका, खालचा होज काढा. निघालेलं पाणी मोजून ठेवा, भरताना हाच आकडा लागतो.

बेल्ट ढिला करायच्या आधी पंखा आणि पुलीचे बोल्ट अर्धा आटा सैल करून घ्या. बेल्ट ताणलेला असतो तोपर्यंत पुली धरून राहते. बेल्ट काढल्यावर हेच बोल्ट सोडायला गेलात तर पुली हातात गरगर फिरत राहते. पंखा काढताना रेडिएटरपुढे जाड पुठ्ठा उभा करा. पाना सटकला तर पुठ्ठ्यावर जाईल. पंखा बाहेर आल्यावर प्रत्येक पात्याच्या मुळाशी तडा आहे का बघा. एका बाजूला जड झालेला पंखा नव्या पंपाचं बेअरिंगही तसंच खातो, आणि मग दोष पंपाला लागतो.

होज निघत नसेल तर पान्याने उचकटू नका. क्लिप मागे सरकवून होज हाताने पिळा, नाहीतर ब्लेडने उभा चिरून काढा. होज नवा मिळतो, रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड तुटलं तर काम वाढतं. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर ती नव्या होजमध्येही पाहिजे. तो ओढीच्या बाजूला असतो, स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमला चेपतो.

पंपाचे बोल्ट एकाच लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचत जा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर टोक तळाला टेकतं. बोल्ट घट्ट लागतो, पंप मात्र दाबला जात नाही, आणि जास्त जोर लावला की ब्लॉकला तडा जातो.

पंप चिकटलेला असेल तर बाजूने लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोके. मधे स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, तिथे पडलेल्या खोचेतूनच पुढे गळती होते. ब्लॉकच्या भोकात कापडाचा बोळा भरा आणि जुनं पॅकिंग ब्लेड आडवं धरून खरवडा. स्टीलची पट्टी उभी धरून बघा, खालून ०.१ मिलीमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जात असेल तर पंप नवा असला तरी गळेल.

कागदी पॅकिंग असेल तर दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा अगदी पातळ हात. बोल्ट आधी बोटांनी, मग समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत. १० च्या पान्याचे बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर, १२-१३ च्या पान्याचे २० ते २५. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. बेल्ट ताणताना सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा, १० ते १२ मिलीमीटर दबला पाहिजे. जास्त ताणू नका, बेअरिंगचं आयुष्य तिथेच जातं. नवीन बेल्ट २००-३०० किलोमीटरनंतर थोडा सैल होतो, तेव्हा परत बघा.

घाटवाट:
निपाणीकर, सिलिकॉनबद्दल थोडा वेगळा विचार करा. पॅकिंग कोरडं बसवायचं म्हणून आलेलं असेल, किंवा रबराची ओ-रिंग असेल, तर सिलिकॉन लावायचंच नाही. ओ-रिंगवर लावलं तर ती खोबणीत घसरते. कागदी पॅकिंग जागेवर धरायला ग्रीसचा ठिपका पुरतो. पॅकिंगच नसेल आणि सिलिकॉनवरच बसवायचं असेल तर २-३ मिलीमीटरची सलग रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या अंगाने, आणि पाणी भरायच्या आधी पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ, बहुतेक २४ तास. रेघ जाड झाली की आत सुटलेला तुकडा रेडिएटरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटमध्ये अडकतो.

खानापूर_डिझेल:
खूप उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. बोल्ट गंजलेले दिसतायत, तुटला तर काय? आणि थर्मोस्टॅट काढूनच टाका म्हणतात, त्याने घाटात थंड राहतं म्हणे. पाण्याचं पण सांगा की.

निपाणी_पाना१३:
बोल्टला आदल्या रात्री गंज सोडायचं तेल मारून ठेवा. सोडताना आधी किंचित घट्ट, मग सैल, असं हलवत राहा. एकदम जोर लावला की मान तुटते. तुटलाच तर पंप काढल्यावर बहुतेक वेळा थोडा तुकडा बाहेर राहतो. त्याला नट वेल्ड करून गरम असतानाच फिरवा. आतच तुटला असेल तर मधोमध पंच मारल्याशिवाय ड्रिल लावू नका, ड्रिल घसरून अॅल्युमिनियममध्ये जातं. आणि एखाद्या बोल्टचं भोक पाण्याच्या पोकळीत उघडत असेल तर त्याच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर पंप कोरडा आणि बोल्टच्या डोक्यातून पाणी.

घाटवाट:
थर्मोस्टॅट काढू नका. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, म्हणजे घाटात उलट जास्त तापतं. सपाटीला डिझेल इंजिन थंड चालतं आणि इंधन जास्त खातं. जुना तपासायचा तर पातेल्यात तापत्या पाण्यात दोऱ्याला टांगून थर्मामीटर लावा. ८२ चा असेल तर ८२ च्या आसपास हलायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो. अडखळला तर नवा टाका.

बोअरचं पाणी नको. ज्या पाण्याने घरात हीटरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, तेच पाणी ब्लॉकच्या सगळ्यात गरम जागी, हेडच्या आसपास, तसाच थर धरणार. तो थर उष्णता अडवतो आणि सुटलेले कण सीलच्या चकत्या घासतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मिळतो, तो घ्या. कूलंटच्या डब्यावर आयएस ५७५९ (कूलंटचं भारतीय मानक) लिहिलेलं बघा. रंगावर जाऊ नका, रंगाचं असं एकच प्रमाण नाही. जुना कोणता होता माहीत नसेल तर त्यात नवा मिसळू नका, सगळा धुऊन काढा.

इथे एक चूक सगळेच करतात. धुऊन झाल्यावर ब्लॉकमध्ये पाणी राहतं. समजा पूर्ण क्षमता ९ लिटर आणि निघालं फक्त ६, म्हणजे ३ लिटर आतच आहे. त्यावर तयार मिसळलेला कूलंट ओतला तर तो पातळ होतो. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट) घ्या, आधी ते ४.५ लिटर, म्हणजे ९ च्या निम्मे, भरा, मग उरलेलं डिस्टिल्ड. शेवटचं धुणं डिस्टिल्डनेच करा.

उद्यमबाग_लेथ:
भरताना हवा काढण्याकडे लक्ष द्या, नवा पंप बहुतेक तिथेच मरतो. सीलच्या चकत्यांना पाण्याचंच वंगण असतं. "पंप फिरतोय का बघूया" म्हणून बिनपाण्याचं इंजिन दहा सेकंदही चालवू नका.

गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. सावकाश ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मग झाकण न लावता स्टार्ट करा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेव्हा भरून झाकण लावा. हीटरमधून थंड हवा येत असेल आणि काटा वर जात असेल तर आत अजून हवा अडकली आहे. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, परत भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघितल्याशिवाय गाडी घाटात घालू नका.

आणि काढलेला कूलंट गटारीत किंवा परड्यात ओतू नका. गोडसर असतो, कुत्री आणि जनावरं चाटतात, आणि थोड्यानेही मूत्रपिंडं जातात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून, तो जमा करून घेणाऱ्या गॅरेजला द्या. सांडलेल्या जागेवर भरपूर पाणी मारा.

ज्यांचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो त्यांनी वरचा क्रम तसाच वापरू नये. तिथे टायमिंगच्या खुणा जुळवणं आलं, आणि बेल्ट व टेन्शनर पंपाबरोबरच नवीन टाकावा लागतो. एक दात चुकला तर वाल्व पिस्टनला लागू शकतात. खानापूरकर, तुमचं तसं नाही, तुम्ही एका रविवारी करून सोडाल.