रात्री खुराड्यातल्या कोंबड्या जातायत, आणि भेकरांसाठी फासकी लावावी का?

गारगोटीकर
नमस्कार मंडळी. घर भुदरगड तालुक्यात, रानाला लागून. परसात 14 कोंबड्या होत्या, 9 गावठी आणि 5 गिरिराजा. खुराडं विटांचं, वर कौलं, पुढं षटकोनी जाळीचं दार. आठ दिवसांत तीन गेल्या. दोन आतच मेलेल्या सापडल्या, मुंडकं गायब, बाकी अंग जसंच्या तसं. तिसरीची नुसती पिसं. सगळं मध्यरात्रीनंतर. शेजारी म्हणतात मुंगूस असणार.
दुसरं म्हणजे खालच्या वावरात घेवडा टोकलाय, त्याचे कोवळे शेंडे भेकरं खुडतायत. गाडीच्या क्लचवायरची (बारीक पोलादी तारेची) फासकी लाव, दोन्ही कामं होतील, असा सल्ला मिळतोय. काय करावं?

परसकोंबडी
दादा, मुंगूस नव्हे. मुंगूस दिवसा फिरतं, अंधार पडला की बिळात असतं. रात्री दोनला येणारं जनावर वेगळं.
मुंडकं नाही आणि धड आत, याचा अर्थ जनावर आत शिरलेलंच नाही. कोंबडी जाळीला टेकून झोपते, बाहेरून पंजा घालून मान ओढली जाते, धड जाळीतून निघत नाही म्हणून तिथंच राहतं. हे काम रानमांजराचं किंवा उदमांजराचं. तिसरी मात्र आतून उचललीय. कौलं तपासा. उदमांजर भिंतीवरून चढतं आणि सरकलेल्या कौलाच्या फटीतून उतरतं.
खात्री करायची तर आज संध्याकाळी दारापुढं आणि भिंतीच्या कडेनं चुलीतली राख चाळून पातळ पसरा. चार बोटं, नखं उमटलेली नाहीत: मांजर. पाच बोटं आणि नखांचे टिपके: उदमांजर. चार बोटं, नखं स्पष्ट: कुत्रं. आणि अंडी अख्खी गायब, टरफलाचा तुकडाही नाही, तर सापाचा संशय घ्या.
आता दुरुस्ती. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवण्यापुरती ठीक, जनावर बाहेर ठेवायला ती चालत नाही. कुत्रं दातानं फाडतं, मांजराचा पंजा आरपार जातो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोड वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी) घ्या, लाकडी चौकटीला नुसते खिळे न मारता वरून पट्टी ठोकून बसवा. बसायची दांडी जाळीपासून किमान दीड फूट आत आणि जमिनीपासून दोन-अडीच फूट वर. तुमचा निम्मा प्रश्न एवढ्या दांडीनंच सुटेल. कौलांखाली वाशांवर तीच जाळी ताणून मारा. खालच्या बाजूला जाळी बाहेरच्या अंगाला एक फूट आडवी पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीलगत उकरतं, जाळी लागली की सोडून देतं. दाराला कडी दोन ठिकाणी, वर आणि खाली. एकाच कडीवर दाराचा खालचा कोपरा वाकतो आणि तेवढी फट त्यांना पुरते.
सगळं बुजवायच्या नादात हवा कोंडू नका. आपल्याकडच्या पावसात खाली अंथरलेलं तूस ओलं राहिलं की दोन दिवसांत अमोनियाचा वास डोळ्याला झोंबतो, मग रक्ती हगवण लागते. वरच्या बाजूला समोरासमोर जाळीचे झरोके ठेवा आणि तुसाचा थर दोन-तीन इंच, आठवड्याला खालीवर करून.

आजरा_वावर
फासकीचा विषय तिथंच सोडा, कळकळीनं सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच धरतात. भेकर, रानमांजर, उदमांजर, मुंगूस, घोरपड सगळी त्यात येतात. जागा राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत निघाली तर किमान 3 वर्षं, 7 वर्षांपर्यंत कैद. आणि क्लचवायर जनावर ओळखत नाही. त्यात वासरू, राखणीचं कुत्रं, बिबट्या काहीही अडकतं. सुटायला धडपडेल तशी तार मांसात रुतत जाते, जनावर तासन्‌तास तडफडून मरतं. राधानगरी–तिलारी हा वाघाच्या ये-जा करण्याचा पट्टा आहे, तिथं एक फासकी किती महाग पडेल बघा.
पिकाचं नुकसान झालं असेल तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालांकडे लेखी अर्ज द्या, सोबत सातबारा आणि फोटो. भेकराचं नुकसान भरपाईत कसं धरतात ते तिथंच विचारून घ्या. पंचनामा होईपर्यंत खाल्लेले वेल उपटू नका. खूर उमटले असतील तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, मापाचा अंदाज येतो. वन खात्याची मदतवाहिनी 1926.

झटका_तार
भेकरासाठी झटका मशीनचं सौर कुंपण चालतं, पण तारांची उंची चुकली की पैसे वाया. भेकर लहान जनावर, उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतं. पहिली तार जमिनीपासून 8 इंचांवर, पुढच्या 8-8 इंचांवर, एकूण पाच. सांबर येत असेल तर एवढ्यानं भागत नाही, सात फुटांपर्यंत जावं लागतं.
फसतं ते दोन ठिकाणी. एक अर्थिंग: तीन लोखंडी सळ्या, प्रत्येकी चार-पाच फूट खोल, एकमेकींपासून दहा फुटांवर. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात माती कोरडी पडते आणि झटका बसेनासा होतो, तेव्हा सळ्यांपाशी रोज बादलीभर पाणी ओता. दुसरं गवत: पावसाळ्यात ते तारेला टेकलं की दाब उतरतो. दर पंधरा दिवसांनी तारेखालची पट्टी कापा आणि टेस्टरनं बघा, 5000 व्होल्टच्या आसपास हवा, 3000 च्या खाली गेला की जनावर जुमानत नाही.
खांबावरची थेट वीज तारेत सोडायचा विचारही करू नका, माणूस जागेवर जातो. मशीनचा झटका क्षणभराचा आणि तुटक असतो, जोरात लागतो पण धरून ठेवत नाही.
श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. तुमचं गाव यादीत आहे का, हे वनपालांकडे अर्ज देतानाच विचारून घ्या.

गारगोटीकर
राख आजच पसरतो. एक राहिलं: उरलेल्या 11 पैकी पाच जणींनी अंडी बंद केलीत. आजार म्हणायचा का?

परसकोंबडी
खाणं-पिणं नीट, तुरा लाल, विष्ठा घट्ट असेल तर दचक आहे. जाळी नीट झाली, रात्री दगदग थांबली की दोन-तीन आठवड्यांत परत घालायला लागतात. तुरा फिका, मान वाकडी, हिरवट हगवण यातलं काही दिसलं तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय धरा. ती कोंबडी लगेच वेगळ्या डालग्यात, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तीन गेल्या म्हणून बाजारातून नवीन आणणार असाल तर त्या 15 दिवस जुन्यांत मिसळू नका, पाण्याचं भांडंही वेगळं.