वेंगुर्ल्यात तीन रात्री, दोघंच: कोणते प्रेमपट बघावेत?

दर्यावर्दी
दत्तजयंतीच्या आठवड्यात वेंगुर्ल्याजवळ घरगुती निवासात तीन रात्री मुक्काम आहे. दोघंच जाणार. खोलीत टीव्ही नाही, रेंज खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आलं तरच मिळते. बरोबर दहा इंची टॅब असेल आणि एक छोटा प्रोजेक्टर उसना मिळेल. जेवण साडेआठला वाढतात. भाषा कुठलीही चालेल, फक्त रडवून झोपवणारे सिनेमे नकोत. किनाऱ्यावर पडदा लावायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा.

ओहोटी
किनाऱ्याचा विचार आधी सोडा. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं असतं, वाळू लांबपर्यंत मोकळी दिसते. तुम्ही पडदा रोवणार, आणि सिनेमा रंगात येईतो उधाणाचं पाणी चढत असणार. शिवाय नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्री किनाऱ्यावर येतात. वायंगणी तिथून जवळच आहे. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते. दोन तासांच्या सिनेमापायी हे नको. आणि बारीक वाळू प्रोजेक्टरच्या पंख्यात शिरली की तो तापून बंद पडतो.

खळ्यात लावा. समुद्राकडून येणारा खारा वारा सूर्यास्तानंतर पडतो, सातनंतर पडदा फारसा फडफडत नाही. तरी चादर डबल घ्या आणि खालच्या कडेत बांबू किंवा काठी ओवा. नुसते दगड ठेवले तर मधे पोट सुटतं आणि माणसांचे चेहरे वाकडे दिसतात.

कोकमसरबत
ओहोटी यांना अनुमोदन. आता सिनेमे. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी बघून निवडा: सिनेमा किती काळोखा आहे आणि किती बोलका आहे. छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर हजारो लुमेन छापलेले असतात, त्याकडे लक्ष देऊ नका, आन्सी लुमेनचा (प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा) आकडा बघा. दोनशे-तीनशे आन्सी असेल तर चार-पाच फूट रुंद चित्र बरं दिसतं, तेही अंधारात. तुम्हाला वर पौर्णिमेचं चांदणं. पडदा माडांच्या किंवा घराच्या सावलीत हवा.

खळ्यासाठी माझं पहिलं मत चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ला (१९३१). ८७ मिनिटं. मूकपट असल्यामुळे लाटांच्या गाजेत एकही संवाद हरवत नाही, कारण संवादच नाहीत. संगीत बहुतांशी खुद्द चॅप्लिनचं. चित्र कृष्णधवल आणि उजळ, त्यामुळे कमजोर प्रोजेक्टरवरही निभावतं. सातला लावलात तर जेवणाआधी आरामात संपतो. शेवटच्या दृश्यात डोळे भरतील, पण ते रडवून झोपवणं नव्हे. इतका सुंदर शेवट मी दुसऱ्या कुठल्याही प्रेमपटाला मानत नाही.

'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) मात्र खळ्यात अजिबात नको. अरुंद जिने, मंद दिवे, गडद लाल रंग. प्रोजेक्टरवर नुसता काळा चौकोन दिसेल. तो खोलीत, दिवे मालवून, टॅबवर.

रातांबा
बोलक्या सिनेमांत 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) घ्याच. एकच दिवस, पुणं, आणि जवळजवळ सगळा भार स्वप्नील जोशी व मुक्ता बर्वे या दोघांच्या गप्पांवर. खोलीतच बघा, खळ्यात अर्धे टोमणे गाजेत जातील. बासु चटर्जींचा 'छोटी सी बात' (१९७६) जेवणानंतरसाठी उत्तम. बसस्टॉपवर मुकाट उभा राहणारा अमोल पालेकर आणि सलील चौधरींची गाणी, डोक्याला ताण नाही.

'बिफोर' मालिकेबद्दल सावध करते. 'बिफोर सनराइज' (१९९५) आणि 'बिफोर सनसेट' (२००४) सलग बघता येतात, दुसरा जेमतेम ८० मिनिटांचा आहे. तिसरा 'बिफोर मिडनाइट' (२०१३) सुट्टीत लावू नका. सुट्टीवर गेलेल्या जोडप्याचं हॉटेलच्या खोलीतलं लांबलचक भांडण हा त्याचा गाभा आहे. सिनेमा अस्सल आहे, पण तो घरी बघण्याचा. 'सैराट'चं वेगळं सांगायला नको.

ओहोटी
वेंगुर्ल्याला जाताय आणि 'थ्री ऑफ अस'चं नाव अजून कुणी घेतलं नाही! अविनाश अरुणचा सिनेमा, शेफाली शाह, जयदीप अहलावत, स्वानंद किरकिरे. स्मृतिभ्रंश सुरू झालेली बाई नवऱ्याला घेऊन लहानपणीच्या गावी येते, आणि ते गाव वेंगुर्लाच. हळवा आहे, म्हणून शेवटच्या रात्री नको. दुसऱ्या रात्री बघा, म्हणजे तिसरा दिवस गावातून पायी हिंडायला हाताशी राहतो. नवऱ्याच्या पात्राकडे नीट लक्ष द्या, सिनेमातलं निम्मं प्रेम त्याच्या गप्प बसण्यात आहे.

दर्यावर्दी
सगळ्यांचे आभार. टॅबवर घरूनच डाउनलोड करून नेणार. प्रोजेक्टरला तोच जोडू ना?

पडवी
इथेच बहुतेकांचं फसतं. ॲपमध्ये उतरवलेला सिनेमा मिररिंगने (टॅबचा पडदा बिनवायरीने प्रोजेक्टरवर उमटवून) दाखवायला गेलात तर बऱ्याचदा आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, कारण ॲप नक्कल अडवतं. वायरने जोडायचं तर टॅबच्या टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर यायला हवं, आणि ते सगळ्या टॅबमध्ये येत नाही. वायर बसते, चार्जिंगही होतं, चित्र मात्र नाही. घरी भिंतीवर लावून बघा.

दुसरं, काही डाउनलोडची मुदत पहिल्यांदा प्ले दाबल्यापासून ४८ तास असते. चालतोय का बघायला तिसऱ्या रात्रीचा सिनेमा घरीच लावलात तर तिथे पोचेपर्यंत तो संपलेला असेल. चाचणी तिथे बघायचा नसलेल्या एखाद्या दुसऱ्याच सिनेमावर करा. निघायच्या आदल्या दिवशी टॅब एरोप्लेन मोडवर टाकून ॲप एकदा उघडा, लॉगिन मागतंय का ते कळेल.

पेनड्राइव्ह नेणार असाल तर तो एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तेव्हा चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. जुन्या प्रोजेक्टरवर एच२६५ची (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या नव्या पद्धतीची) फाइल लावली की आवाज चालू आणि चित्र गायब, असंही होतं. स्पीकर ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. 'सिटी लाइट्स'ला चालून जाईल, बाकीच्यांना साधी वायर घ्या. खळ्यापर्यंत पोचेल अशी एक्स्टेंशन घरूनच न्या.

कोकमसरबत
आणि तिसऱ्या रात्री 'रोमन हॉलिडे' (१९५३). ११८ मिनिटं, म्हणजे जेवणानंतर. शेवटी ताटातूट आहे, पण रडारड नाही. ऑड्रे हेपबर्नला त्यासाठी ऑस्कर मिळालं. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, जुनं ध्वनिमुद्रण टॅबच्या स्पीकरवर दबकं येतं.

दर्यावर्दी
मग ठरलं. पहिली रात्र खळ्यात 'सिटी लाइट्स', दुसरी खोलीत 'थ्री ऑफ अस', तिसरी 'रोमन हॉलिडे'. 'छोटी सी बात' जादा म्हणून टॅबवर. टाइप-सीची चाचणी आज रात्रीच करतो. देव बरें करो.